बाईंची गाडी आणि बाईंचा शब्द

तुम्हा दोघांना मराठी वाचताना अडखळायला होतं, हे मला माहीत आहे. म्हणून वाक्यं लहान ठेवते. पण ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्या बाईंना लहान करता येणार नाही. तेवढं सांभाळून घ्या.

मागच्या सुट्टीत तुम्ही आलात तेव्हा सोसायटीच्या गेटपाशी पिस्ता रंगाची एक चौकोनी गाडी उभी होती. ती बघून धाकट्याने विचारलं होतं, "आजी, ही खरीच चालते का?" गाडीत बसलेल्या बाईंनी ते ऐकलं. काच खाली करून म्हणाल्या, "विचारतोस काय? बस मागे." आणि तुम्हाला सानपाड्याची एक लांब चक्कर मारून आणलं. उतरताना, धाकट्या, तू थँक्यू म्हणालास, त्यावर त्या "संपलं" म्हणाल्या आणि तू घाबरलास. त्याच या बाई.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर त्या विचारतील, "का? तुझ्या नातवंडांना मला हाक मारायची आहे?" सोसायटीत सगळे त्यांना बाई म्हणतात, मीही तेच म्हणते. त्या माझ्या वरच्या मजल्यावर राहतात आणि माझ्यापेक्षा चार-सहा वर्षांनी मोठ्या आहेत. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा एकच. तो बंगळूरला एका मोठ्या कंपनीत मोठा साहेब आहे.

बाई टेलिफोन खात्यात सुपरवायझर होत्या. हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. एके काळी दुसऱ्या गावी फोन करायचा तर आधी एक्स्चेंजमधल्या बाईंना सांगावं लागे. त्यांनी जोडून दिला तर बोलणं व्हायचं. कुणाच्या घरी कोणी आजारी, कुणाचा निकाल लागलेला, सगळे ताटकळत बसायचे. बाई म्हणतात, "मी 'लागेल' म्हटलं की लागायचा. 'लागणार नाही' म्हटलं की माणूस घरी जाऊन जेवायचा. 'बघते' हा शब्द मी कधी वापरला नाही. 'बघते' म्हणणाऱ्या बाईमुळे लोक उपाशी राहतात."

नोकरी संपली तरी ही सवय सुटली नाही. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींच्या मुलीला त्यांनी सांगितलं होतं, शाळेतल्या नाचाला येईन. त्या दिवशी नेमका अंगात ताप. मी म्हटलं, "तिला सांगते मी, ती समजून घेईल." बाई शाल गुंडाळून गेल्या, पहिल्या रांगेत बसल्या, नाच संपल्यावर मुलीजवळ जाऊन "आले होते" म्हणाल्या आणि घरी येऊन दोन दिवस झोपून राहिल्या. दिलेला शब्द हीच त्यांची खरी श्रीमंती होती. ती त्यांना माहीत होती, आणि थोडी मिरवायलाही आवडायची.

फोनवर त्या "हॅलो" म्हणत नाहीत. "बोला" म्हणतात. आपलं बोलून झालं की "संपलं" म्हणून ठेवून देतात. समोरच्याचं संपलं की नाही, हा त्यांचा प्रश्न नव्हे.

आमची ओळख झाली तीसुद्धा अशीच. मी नवी राहायला आले होते. लिफ्टमध्ये दोन माणसं दार धरून गप्पा मारत होती आणि मी बाहेर भाजीची पिशवी घेऊन उभी होते. मी म्हणत होते, "एक्स्क्यूज मी, प्लीज." कोणी हलेना. मागून बाई आल्या. "बाहेर येऊन बोला," एवढंच म्हणाल्या. दोघे बाहेर. वर जाताना मला म्हणाल्या, "तुझ्या इंग्रजी शाळेत तुला 'प्लीज' शिकवलं. 'सरका' नाही शिकवलं." पहिल्याच भेटीत अगंतुगं. मी मात्र त्यांना आजही अहोजाहो करते.

आता गाडीबद्दल. गाडी त्यांच्या यजमानांनी घेतली, पण चालवली कायम बाईंनी. यजमानांना गिअर आणि क्लच यांची एकत्र काळजी घेणं जमलं नाही म्हणे. बाई कडक इस्त्रीची सुती साडी नेसतात आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालतात. चप्पल पेडलवरून घसरते, म्हणून. लग्नालाही तेच बूट. हॉर्न त्या वाजवत नाहीत. "अनोळखी माणसावर ओरडायचं कशाला?" त्यापेक्षा काच खाली करून शांतपणे सांगतात, "अहो निळा शर्ट, सरका." निळा शर्ट सरकतो.

त्यांच्या शेजारी बसणाऱ्याला नियम आहेत. वळणावर बोलायचं नाही. रस्ता दाखवायचा नाही. आणि पाय दाबायचा नाही. हा शेवटचा नियम माझ्यासाठी केलेला. समोर ट्रक आला की माझा उजवा पाय आपोआप पुढे दाबला जायचा. "तुझ्याकडे ब्रेक नाही," बाई म्हणायच्या. "पाय उचल."

एकदा सेक्रेटरींनी त्यांची पार्किंगची जागा परस्पर दुसऱ्याला देऊन टाकली. कारण काय, तर "आजींना आता गाडी कशाला लागते." बाईंनी भांडण केलं नाही. दुसऱ्या दिवशी ती जागा रिकामी होताच घडीची खुर्ची घेऊन त्या तिथे जाऊन बसल्या. वर्तमानपत्र वाचलं, भाजी निवडली, दुपारचा डबा तिथेच खाल्ला. जागा मिळालेले गृहस्थ गाडी घेऊन आले, त्यांनी दोनदा हॉर्न वाजवला. बाईंनी चष्म्यावरून बघून विचारलं, "काही म्हणायचंय का?" संध्याकाळी सेक्रेटरी स्वतः खाली आले. "बाई, तुमची जागा तुमचीच. खुर्ची उचला आता." बाई म्हणाल्या, "गाडी आणून लावते, मग उचलते." आणि तशीच उचलली.

त्यांच्या मुलाबद्दल तुमचा गैरसमज व्हायला नको. तो वाईट नाही. आईला दर रविवारी फोन करतो, आजारपणात धावत येतो. त्याला फक्त एकच दिसतं: आई एकटी आहे, आई म्हातारी आहे, आणि आई त्या डब्यातून हायवेवर फिरते. गणपतीत तो आला होता तेव्हा बाईंनी गेटच्या खांबाला गाडी जराशी घासली. तो खिडकीतून बघत होता. वर आल्यावर म्हणाला, "आई, पुरे आता. गाडी विकू आणि तू माझ्याकडे चल."

मी तेव्हा बाईंकडेच होते, मोदकाच्या उकडीचं बघत होते. बाईंचा चेहरा लाल झाला. "खांब सोसायटीने पुढे घेतलाय," त्या म्हणाल्या. "ही गाडी मला आजवर कधी रस्त्यात सोडून गेली नाही. ज्या दिवशी ती मला रस्त्यात उभी करेल, त्या दिवशी किल्ली तुझ्या हातात देईन आणि तुझ्याबरोबर बंगळूरला येईन. या काकू साक्षीला."

मला साक्षीला उभं राहायचं नव्हतं. पण उकडीचे हात घेऊन मी तिथेच होते, त्याला काय करणार?

मुलगा हसला. "शब्द?"

"शब्द."

घरी आल्यावर मला झोप लागेना असं काही झालं नाही, पण मनात आलं, रागाच्या भरात बाई जास्तच बोलून गेल्या. जुनी गाडी आहे. आज ना उद्या काहीतरी होणारच. आणि बाईंचा शब्द म्हणजे बाईंचा शब्द.

ते झालं दसऱ्याला.

दसऱ्याला आपल्याकडे हत्यारांची आणि वाहनांची पूजा करतात. खाली सगळ्या गाड्या धुऊन उभ्या होत्या. पुढच्या जाळीला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. बाईंना लिंबू मान्य नाही. "चिरडून काय मिळतं? सरबत करा." हारही त्या पुढे लावत नाहीत. त्या बॉनेट उघडतात आणि इंजिनाला हार घालतात. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "जाळी काय काम करते? नमस्कार जो राबतो त्याला करायचा." इंजिनाला हळदकुंकू, हार, आणि पाने-पकडींच्या पिशवीवर एक फूल. मग बॉनेट बंद. हार दिवसभर उतरवायचा नाही, हा त्यांच्या सासरचा रिवाज.

दुपारी आम्ही कराव्याला निघालो. तिथे बाईंची एक्स्चेंजमधली जुनी मैत्रीण राहते. गावातली, आगरी. दर दसऱ्याला बाई तिला आपट्याची पानं द्यायला जातात. ती ओट्यावरच उभी होती.

"अगो बाय, ही गारी आजून चालते?"

"तू चालतेस ना? मग ती का नाही चालणार?"

"माजं गुडघं बदललंय गो!"

"हिचंही बरंच काही बदललंय," बाई म्हणाल्या, आणि दोघी हसत सुटल्या. आम्ही चहा घेतला. मुलगा संध्याकाळी यायचा होता, सणाला म्हणून. बाईंनी त्याच्यासाठी श्रीखंड करून ठेवलं होतं. दिवे लागायच्या आत घरी पोचायचं म्हणून आम्ही उठलो.

पाम बीच रोडला लागलो आणि थोड्याच वेळात पुढून 'फटाक्' असा आवाज आला. समोर एक लाल दिवा पेटला. बाईंनी गाडी डावीकडे, खारफुटीच्या बाजूला घेतली, कडेला उभी केली आणि लगेच इंजिन बंद केलं. शेजारून गाड्या सूं सूं जात होत्या. प्रत्येक गाडीबरोबर आमची गाडी हलत होती.

आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट. मुलगा. बंगळूर. 'ज्या दिवशी ती मला रस्त्यात उभी करेल.'

बाईंच्याही डोक्यात तेच असणार. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून त्या समोर बघत होत्या. मग म्हणाल्या, "उतर. मीही तुझ्याच बाजूने उतरते."

बॉनेट उघडलं तर तापलेल्या रबराचा आणि झेंडूचा वास एकदम आला. सगळीकडे पाकळ्याच पाकळ्या. हार सुटून खाली सरकला होता आणि त्याचा दोरा इंजिनाच्या फिरणाऱ्या चाकांत अडकून गच्च गुंडाळला गेला होता. हल्ली हार नायलॉनच्या दोऱ्यात ओवतात. सुती असता तर दोरा तुटला असता. नायलॉन तुटला नाही, इंजिनाचा पट्टा तुटला. तुमच्यासाठी सांगते, जुन्या गाडीत या एका रबरी पट्ट्यावर पंखा फिरतो आणि पाणी फिरतं. पट्टा नाही तर इंजिन थंड राहत नाही. तसंच पुढे नेलं तर थोड्या वेळात उकळून कायमचं जातं.

मी पाण्याचं झाकण उघडायला हात पुढे केला. बाईंनी हातावर चापट मारली. "वाफ तोंडावर येईल."

मी म्हटलं, "बाई, हारामुळे झालं हे."

"दिसतंय मला."

"पुढच्या वर्षी जाळीलाच—"

"पुढच्या वर्षीही इंजिनालाच. दोरा बदलेन."

मग त्यांनी आपल्या नेहमीच्या मेकॅनिकला फोन लावला. तो स्पीकरवर होता, म्हणून मलाही ऐकू आलं.

"बाई, आज नाय जमायचं. पाने पूजेला ठेवलेत. आज उचलत नाय आमी. उद्या सकाळी पहिला तुमच्याकडे."

"संपलं," बाई म्हणाल्या. मग पिशवी काढली. तिच्यावरचं सकाळचं फूल उचलून पदराच्या टोकाला बांधलं आणि कुंकू लावलेला पाना हातात घेतला.

"अहो बाई, आज पूजेची हत्यारं वापरत नाहीत."

"देवाने आज पाहिलंच आहे यांना. आता काम करताना बघू दे."

एवढ्यात एक भली मोठी पांढरी गाडी थांबली. तरुण मुलगा होता, चांगल्या घरचा. "आंटी, कॅब बुक करून देऊ? गाडी इथेच लॉक करा, टेन्शन नका घेऊ."

"गाडीला कॅब मिळते का?" बाईंनी विचारलं.

"गाडीला? नाही, तुम्हाला."

"मला नको. तिला हवी आहे."

तो बिचारा माझ्याकडे बघू लागला. खरं सांगते, माझं मन त्याच्या गाडीत जाऊन बसलं होतं. पण मी म्हटलं, "थँक्यू, आम्ही बघतो." तो गेल्यावर बाई म्हणाल्या, "'बघतो' काय? 'करतो' म्हणायचं."

त्यांनी माझ्या पर्समधली छोटी कात्री घेऊन नायलॉनचा दोरा कापून काढला. तुटलेला पट्टा काढून हातात धरला, इकडून तिकडून पाहिला. "पट्टा म्हणजे काय? चाकांना एकत्र बांधणारी दोरी. घट्ट असली म्हणजे झालं." मग त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मला ती नजर आवडली नाही.

"तुझी नाडी दे."

"कसली नाडी?"

"परकराची. आणि कसली? माझीही काढते. एक पुरणार नाही."

बाळांनो, साडीच्या आत परकर असतो आणि तो कमरेला नाडीने बांधलेला असतो. सगळी साडी त्या नाडीच्या भरवशावर असते. मी म्हटलं, "आणि परकर?"

"सेफ्टी पिना आहेत ना? तुझ्या पर्समध्ये अख्खं दुकान असतं."

पिना होत्या. मी कधीही पिना घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नाही, पण असल्या कामासाठी त्या घेतल्या नव्हत्या. मागच्या सीटवर बसून, खिडक्यांना माझी शाल आणि बाईंचं वर्तमानपत्र लावून, आम्ही दोघी म्हाताऱ्यांनी परकराच्या नाड्या ओढून काढल्या. नाडी नेफ्यातून निघताना मध्येच अडकली तेव्हा मला हसू फुटलं, आणि ते थांबेना. बाई हसल्या नाहीत. "ओढ," म्हणाल्या.

मग आम्ही कडेच्या कठड्यावर बसलो. तीन पेड पाडले. बाईंनी एक टोक घट्ट धरलं आणि मी वेणी घातली. तुमच्या आईच्या केसांची शाळेसाठी रोज घालायचे तशी, घट्ट, एकही पेड सैल नाही. बाटलीतलं पाणी ओतून ती ओली केली, म्हणजे आणखी आवळते.

तेवढ्यात मोटरसायकलवरून ट्रॅफिक हवालदार आला.

"आजी, इथे गाडी उभी नाय करायची. डायवर कुठाय?"

"समोर बसलाय," बाई म्हणाल्या.

त्याने गाडीत वाकून पाहिलं. "कुठाय?"

"तुमच्याशी बोलतोय."

त्याने बाईंकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं, मग आमच्या हातातल्या वस्तूकडे. "आणि हे काय चाललंय? रस्त्यात वेणी घालताय?"

"पट्टा करतोय."

"आजी, मजाक नाय. मागे क्रेन आहे, तिला सांगतो. उचलून चौकीला नेईल, घरच्यांना बोलवा, सोडवून न्या."

घरच्यांना म्हणजे मुलाला. बाई उठल्या. एका हाताने त्यांनी कमरेपाशी साडी धरली होती, तरी हवालदारापेक्षा त्याच सरळ उभ्या होत्या.

"क्रेन येईपर्यंत मी गेले तर?"

"तर जावा की!"

"आणि नाही गेले तर उचला. मी आत बसून राहीन, मलाही उचला."

त्याने कपाळाला हात लावला आणि मोटरसायकल स्टँडवर लावून आमच्यामागे उभा राहिला. त्याला तमाशा बघायचा असावा. किंवा मागून येणाऱ्या गाड्यांपासून आम्हाला आडोसा द्यायचा असावा. मी दुसरं कारण धरून चालते.

बाईंनी वेणी चाकांवरून घातली, गाठ मारली, दातांनी ओढली. मग पान्याने एक नट सैल करून बाजूचा डायनामोचा डबा बाहेर रेटला, त्याने वेणी ताणली गेली, आणि नट पुन्हा आवळला. तोवर इंजिन निवलं होतं. पाणी भरलं. बाई आत बसल्या, किल्ली फिरवली.

पंखा फिरला.

हवालदार वाकून बघत होता. "आयला," तो म्हणाला. "चालतंय की!"

"सरका," बाई म्हणाल्या.

परतीचा तो प्रवास मी जन्मात विसरणार नाही. आम्ही अगदी डाव्या कडेने, सायकलच्या वेगाने जात होतो. सिग्नल लागला की बाई इंजिन बंद करायच्या. मागचे हॉर्न वाजवायचे, काच खाली करून कायकाय बोलून जायचे. बाईंनी एकाकडेही पाहिलं नाही. मध्ये एकदा वेणी सैल झाली, आम्ही थांबलो, बाईंनी पुन्हा ताणली. मी दोन्ही हातांनी परकर धरून बसले होते.

न राहवून मी विचारलं, "बाई, आता मुलाला काय सांगायचं? गाडी घरी पोचतेच आहे. कोणाला कळायचं कारण नाही."

"वळणावर बोलायचं नाही," बाई म्हणाल्या. रस्ता सरळ होता.

घरी पोचलो तर मुलगा खाली बाकावर बॅग घेऊन बसलेला. उठून धावतच आला. "आई, फोन का उचलत नव्हतीस? किती वेळ झाला मी—" आणि थांबला. आमच्या दोघींच्या हातांना काळं ग्रीस होतं, बाईंच्या कपाळापर्यंत लागलेलं.

"वर चल," बाई म्हणाल्या. मलाही म्हणाल्या, "तूही चल. साक्षीला होतीस."

वर गेल्यावर मी सुरुवात केली, "अरे, रस्त्यात जरा—" कारण मला वाटलं, काहीतरी सौम्य सांगावं. बाईंनी हात वर केला.

"गाडी बंद पडली," त्या म्हणाल्या. "पाम बीचवर. पट्टा तुटला. रस्त्यातच उभी राहिले."

मुलगा अगदी हळू म्हणाला, "आई, तू म्हणाली होतीस."

"म्हणाले होते."

त्याने हात पुढे केला. उद्धटपणे नव्हे. लहानपणी आईकडून खाऊ घ्यायला करतात तसा. किल्ली बाईंच्या मुठीत होती. मला ठाऊक होतं आता काय होणार. त्या मुलीच्या नाचाला तापात गेलेल्या बाई. 'बघते' न म्हणणाऱ्या बाई.

"देत नाही," बाई म्हणाल्या.

"आई, शब्द दिला होतास!"

"दिला होता. मोडते आहे." त्यांचा आवाज चढला नाही. "आजवर कुणाला दिलेला मोडला नाही. हा मोडते, आणि तुझ्या तोंडावर मोडते. लपवून ठेवता आलं असतं. गाडी खाली उभी आहे, तुला काय कळलं असतं? पण मग मी रोज चोरासारखी चालवली असती. मला चोरून चालवायची नाही."

"मग माझ्याशी जे बोललीस त्याला काय अर्थ?"

"रागात चुकीची अट घातली, एवढाच अर्थ. रबराचा पट्टा तुटला म्हणून आईने घर सोडायचं? पट्टा तुटतोच. तुटल्यावर मी कडेला बसून रडले असते, तुला फोन करून 'आता काय करू रे' म्हटलं असतं, तर तू न्यायच्या आधी मी बॅग भरली असती. मी रडले का, विचार काकूंना."

"नाही," मी म्हटलं. "मलाच रडू येत होतं."

मुलगा खुर्चीत बसला. एवढा मोठा माणूस, एकदम दमल्यासारखा दिसला. "आई, मला तिकडे झोप लागत नाही गं. तुझा फोन लागला नाही की पोटात गोळा येतो. आज बाकावर बसून काय काय मनात आलं, तुला कल्पना नाही."

बाईंच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच कुणाचं तरी म्हणणं पुरतं ऐकून घेतल्याचा भाव पाहिला.

"फोन उचलायला हवा होता," त्या म्हणाल्या. "ते चुकलं. यापुढे उचलेन. पण तो गोळा तुझा आहे. त्यावर औषध म्हणून मला बंगळूरला नेऊन ठेवू नकोस. मी तिथे आठ दिवसांत मरेन, आणि गोळा तसाच राहील."

बाईंनी ताटलीतलं आपट्याचं पान उचललं आणि त्याच्यापुढे धरलं. "सोनं घे. सण आहे." त्याने घेतलं, वाकून नमस्कार केला. त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर खांद्याला आईच्या ग्रीसची चार बोटं उठली. मी निघून आले. मला परकर धरून उभं राहणं आता अशक्य झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाची पिशवी घ्यायला खाली उतरले तर बॉनेट उघडं होतं. मेकॅनिक यायच्या आधीच बाई बूट घालून, पदर खोचून उभ्या. गेटमधून मुलगा येत होता. सकाळीच कुठूनतरी, दुकान उघडायला लावून, नवा पट्टा घेऊन आला होता. तो त्याने आईपुढे धरला. किल्लीचं नाव काढलं नाही.

बाईंनी पट्टा घेतला, ताणला, चाकांवर धरून पाहिला.

"हा नाही चालायचा. मोठा आहे."

"आई, दुकानदार म्हणाला, या गाडीला हाच."

"दुकानदाराने माझी गाडी पाहिली आहे का?"

"मग मी ऑनलाइन मागवतो. परवापर्यंत येईल."

"परवा? मला उद्या बाहेर जायचंय." बाईंनी खाली पडलेला तुटका पट्टा उचलून त्याच्या हातात दिला. "हा ने मापाला. बदलून आण."

तो तसाच उभा राहिला. त्याच्या ऑफिसात तो आला की माणसं उठून उभी राहतात, असं ऐकलं आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

मग तो वळला आणि रिक्षा बघायला निघाला. हातात काळा तुटका पट्टा, त्याला अजून चिकटलेल्या झेंडूच्या पाकळ्या.

तो गेटपाशी पोचला तेव्हा बाईंनी हाक मारली, "अरे! दोन आण. एक डिकीत ठेवायला."

त्याने मागे न बघता हात वर केला.